युद्धाआधीच्या ज्यू घरातली फिल्म हाती आली तर

दुसऱ्या महायुद्धाआधी युरोपातल्या ज्यू कुटुंबांनी हौसेने काढलेल्या घरगुती फिल्म्स आज कुठेही निघतात. अमेरिकेतल्या तळघरात निघतात, हैफातल्या कपाटावर निघतात, आणि मुंबईतही निघू शकतात. १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया सोडून आलेली काही ज्यू माणसं मुंबईत राहिली होती. त्यांना आधार द्यायला १९३४ मध्ये तिथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. आकाशवाणीची सकाळची धून ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वॉल्टर कॉफमन याच निर्वासितांपैकी. युद्धानंतर यांतले बरेचजण पुढे निघून गेले. सगळं सामान त्यांच्याबरोबर गेलंच असेल असं नाही. म्हणून एखाद्या जुन्या फ्लॅटच्या माळ्यावर किंवा चोरबाजारात परदेशी पत्ता लिहिलेला फिल्मचा डबा दिसला, तर तो रिकामा करून त्यात बटणं भरण्याआधी हे वाचा.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला आले ती मूळच्या पोलंडमधल्या लुब्लिनच्या कुटुंबात. सासूबाई लहान असतानाच त्यांचे आईवडील पॅलेस्टाइनला आले, म्हणून त्या वाचल्या. मागे राहिलेलं गणगोत जवळजवळ सगळं संपलं. त्यांचे एक मामा शिकागोला स्थायिक झाले होते. १९३७ च्या उन्हाळ्यात ते लुब्लिनला गेले आणि बहिणी, भाचरं, शेजारी, गल्ली असं सगळं त्यांनी फिल्मवर घेतलं. ती फिल्म आमच्याकडे आली आणि मी या कामात पडले. आता दुसऱ्यांच्या फिल्म्समधली माणसं ओळखायलाही बसते. घाई करायची ती एकाच बाबतीत: या माणसांना पाहिलेलं कुणी हयात असेल तर त्यांना आजच विचारा. बाकी सगळं सावकाश.

प्रोजेक्टर लावू नका

त्या काळच्या बहुतेक घरगुती फिल्म्स ‘रिव्हर्सल’ प्रकारच्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्यात जी फीत फिरली, तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. तुमच्या हातातली फीत फाटली तर ते दृश्य जगातून गेलं. ऐंशी-नव्वद वर्षांत फीत आकसते, तिची भोकं प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत, आणि पहिल्या काही फुटांतच ती चिरत जाते. घरात चालू स्थितीतला प्रोजेक्टर असेल तर मोह आवरा.

डबा उघडला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फितीचा पाया कुजायला लागला आहे. ही वाफ शेजारच्या चांगल्या फितींनाही बिघडवते, म्हणून तो डबा वेगळा करा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून मात्र ठेवू नका. माळा ही फिल्मसाठी घरातली सगळ्यांत वाईट जागा, कारण उष्णता तिथेच साठते. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. कोरड्या, थंड खोलीत, जमिनीपासून वर, आडवं ठेवा. फितीला हात लावायचा तो फक्त कडेला.

रुंदी पट्टीने मोजा. १६ मिलिमीटर असेल तर ती १९२३ नंतरची कोडॅक पद्धतीची. ८ मिलिमीटर असेल तर १९३२ नंतरची. साडेनऊ मिलिमीटर असेल आणि भोकं कडेला नसून दोन चित्रांच्या मधोमध असतील, तर ती फ्रान्सच्या पाथेची, १९२२ पासूनची. युरोपात ही बरीच चालत असे. ३५ मिलिमीटरची निघाली तर तिथेच थांबा. ती नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट भडकतं. अशा वेळी जाणकारांनाच विचारा. महाराष्ट्रात असाल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं.

कोडॅकच्या फितीच्या कडेला बारीक गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या फिल्म बनल्याचं वर्ष सांगतात. पण त्या दर वीस वर्षांनी फिरून येतात, म्हणजे १९३८ ची आणि १९५८ ची खूण एकच. शिवाय ते बनल्याचं वर्ष आहे, चित्रीकरणाचं नाही. फिल्म दुकानात, मग कपाटात पडून राहिलेली असू शकते. रंगीत असेल तर आणखी एक आधार मिळतो: १६ मिलिमीटरची कोडाक्रोम १९३५ मध्ये आली, ८ ची १९३६ मध्ये.

डबा, खोका, आतली चिठ्ठी, गुंडाळलेला कागद, काहीही फेकू नका. फिल्म धुवायला टपालाने जायची आणि टपालाने परत यायची, त्यामुळे खोक्यावर पत्ता आणि टपालाचा शिक्का सापडतो. आमच्या मामांची तारीख आम्हाला फितीवरून नाही, खोक्यावरून कळली.

स्कॅन करून घेताना

भिंतीवर दाखवून मोबाइलने काढलेली प्रत या कामाला उपयोगाची नाही. एकेक चौकट (फ्रेम) स्वतंत्र टिपणारं यंत्र असलेल्या ठिकाणी द्या, आणि तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या. भोकं आणि कडा स्कॅनमध्ये दिसल्या पाहिजेत. मूळ वेग राखला पाहिजे. त्या काळचे घरगुती कॅमेरे बहुधा सेकंदाला १६ चौकटींनी चालत, आणि तीच फिल्म २४ ने दाखवली की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. आमच्या आजेसासूबाई अशा पळताना दाखवल्या असत्या तर सासूबाईंनी त्यांना ओळखलंच नसतं. आणि तिसरं, दाबून लहान न केलेली फाइल मागून घ्या. सोळा मिलिमीटरची शंभर फूट फीत म्हणजे जेमतेम चार मिनिटं. त्यातही प्रत्येक सेकंद लागणार आहे.

स्कॅन आल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं तर झालं नाही ना, हे बघा. पाट्यांवरची अक्षरं वाचून पाहायची. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, हिब्रू लिपीत असते, उजवीकडून डावीकडे. ती येत नसेल तर शेजारची पोलिश किंवा जर्मन पाटी बघा. पाटीच नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणं: डावी बाजू उजवीवर यायला हवी.

आणि एक विनंती. हल्ली यंत्राकडून जुनी फिल्म ‘सुधारून’, रंगवून घ्यायची टूम आहे. ओळख पटवण्याच्या प्रतीला तो हात लावू देऊ नका. धूसर चेहरा स्पष्ट करताना यंत्र त्यात स्वतःच्या मनाने डोळे-नाक भरतं. ज्या मुलीचं एवढंच चित्र जगात उरलं आहे, तिला दुसऱ्याच कुणाचा चेहरा देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काय दिसतं आणि काय दिसत नाही

पहिल्यांदा नुसती पाहा. दुसऱ्यांदा थांबत थांबत, जे दिसतं तेवढंच लिहा. ‘०१:१२, अंगणात पाच बायका, डावीकडून दुसरीच्या हातात पितळी भांडं, दोन मुलं पळत येतात.’ ‘आनंदी कुटुंब’ असं लिहू नका. ‘मृत्यूच्या छायेत’ तर मुळीच लिहू नका. १९३७ च्या जुलैमध्ये नदीकाठी शिदोरी सोडून बसलेल्या माणसांसाठी ती सहल होती. त्यांना ती सहल म्हणूनच मिळू द्या. उलट सगळं गोडही मानू नका. कॅमेरा बाहेर निघायचा तो चांगल्या दिवशी. त्याच १९३७ मध्ये पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसायला लावत होते, आणि जर्मनीत १९३५ पासून ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे लागू होते. हे घरगुती फिल्ममध्ये क्वचित दिसेल.

कॅमेरा कुणाकडे होता हेही लक्षात ठेवा. बर्लिन, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅम, बुडापेस्ट इथल्या डॉक्टर, व्यापारी, कारखानदार घरांत तो होता. पोलंडमधल्या लहान गावांच्या बऱ्याच फिल्म्स अमेरिकेतून भेटीला आलेल्या नातेवाइकांनी काढल्या. त्यामुळे तिथे माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, मुलं पुढे घुसतात, कुणी त्यांना मागे ओढतं. ते रोजचं जगणं नाही, पाहुणा आल्याचा दिवस आहे. आणि ज्याने काढली तो स्वतः बहुधा नसतोच. त्याची सावली जमिनीवर शोधा, दुकानाच्या काचेत शोधा.

आता सण. इथे मराठी वाचकांची सगळ्यांत जास्त गफलत होते, म्हणून जरा विस्ताराने. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, पाळणाऱ्या घरात कॅमेरा चालत नाही. मोठ्या सणांच्या मुख्य दिवशीही नाही. ठाण्यात माझी आजी शुक्रवारी संध्याकाळनंतर दिव्याच्या बटणालाही हात लावू देत नसे. लुब्लिनमध्ये नियम तोच होता. त्यामुळे फिल्ममध्ये पांढरं कापड घातलेलं टेबल, दोन शमादान्या, झाकलेले पाव दिसले तर लगेच ‘शब्बाथचं जेवण’ लिहू नका. खिडकीकडे बघा. बाहेर ऊन आहे आणि मेणबत्त्या न पेटवलेल्या आहेत? मग शुक्रवारी दुपारी मांडलेलं टेबल पाहुण्याने टिपून घेतलं असेल. बाहेर अंधार, मेणबत्त्या जळतायत आणि तरी कॅमेरा चालू? मग ते घर कडक पाळणारं नव्हतं. पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) सेदेरचंही, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचंही, तसंच. याउलट पुरीमला, ज्याला आमची जुनी माणसं होळीचा सण म्हणत, चित्रीकरणाला आडकाठी नाही. म्हणून सोंगं घेतलेली मुलं बरीच सापडतात. हनुक्का हा दिव्यांचा सणही चालतो. सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या मधल्या दिवसांत अंगणातली फांद्यांची झोपडी सापडते. लग्नं तर सापडतातच, कारण लग्न शब्बाथला लागत नाही.

घरातलं आणि सणांचं फारसं न दिसण्याचं दुसरं कारण तांत्रिक आहे. तेव्हाच्या फिल्मला भरपूर उजेड लागे. घरात मोठे दिवे लावल्याशिवाय काही उमटत नसे. म्हणून या फिल्म्स गच्चीत, बागेत, समुद्रावर, रस्त्यावर घडतात. फिल्ममध्ये प्रार्थना नाही म्हणजे घरात देवाचं नाव नव्हतं, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना मी हेच सांगते: नियमाने सणाचे दिवस वगळले आणि अंधाराने घराच्या आतलं वगळलं. जे उरलं ते आपल्यापुढे आहे.

गाव कोणतं?

घरात ‘आपलं गाव’ म्हणून जे नाव चालत आलं आहे, त्यावर थेट विसंबू नका. डेव्हिड कुर्त्झ या अमेरिकन गृहस्थांनी १९३८ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये काढलेली सुमारे तीन मिनिटांची फिल्म त्यांच्या नातवाला २००९ मध्ये फ्लोरिडातल्या घरात सापडली. ते आजीचं गाव असावं असं आधी त्याला वाटलं. शोध घेतल्यावर कळलं की ते वॉर्सावाच्या उत्तरेचं नाशेल्स्क आहे, आजोबांचं गाव. तिथे तीन हजारांच्या आसपास ज्यू राहत. युद्धातून शंभरहून कमी वाचले. फिल्म वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाने सर्वांना पाहायला ठेवली, आणि अमेरिकेतल्या एका तरुणीने त्यातला तेरा वर्षांचा मुलगा ओळखला. तो तिचा आजोबा होता, आणि हयात होता. त्यांच्याकडून मग बाकीची नावं, टोप्यांचे अर्थ, दुकानं, सगळं कळत गेलं.

जागा ओळखायची तर चेहऱ्यांमागे बघा. आमच्या फिल्ममध्ये दाट घरांच्या वर एक पांढरी, मोठी इमारत दिसते. तो लुब्लिनचा किल्ला, तेव्हाचा तुरुंग. त्याच्या पायथ्याशी पोद्झाम्चे ही ज्यू वस्ती होती. नाझींनी ती पाडून टाकली. आज तिथे मोकळं मैदान आहे. त्यामुळे आजचा नकाशा घेऊन ती गल्ली शोधाल तर सापडणार नाही. युद्धाआधीचा नकाशाच हवा. लुब्लिनमध्ये ब्रामा ग्रोद्झ्का नावाचं केंद्र आहे. तिथे शहरातल्या ज्यू रहिवाशांची माहिती घरागणिक आणि माणसागणिक जमवतात. आमची गल्ली त्यांच्या जुन्या फोटोंशी ताडून ठरली. इतर गावांसाठी ‘यिझकोर’ स्मृतिग्रंथ बघा. गावातून बाहेर पडलेल्या लोकांनी युद्धानंतर ते लिहिले. अनेकांत फोटो आणि हाताने काढलेले नकाशे असतात, आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने बरेचसे संगणकावर ठेवले आहेत.

पाट्यांची अर्धी अक्षरंही पुरतात. पोलिशमध्ये ‘आप्तेका’ म्हणजे औषधाचं दुकान, ‘पिएकार्न्या’ म्हणजे बेकरी, ‘क्राव्येत्स’ म्हणजे शिंपी. गाडी दिसली तर नंबर वाचा. हॉलंडमध्ये पहिलं अक्षर प्रांताचं असे: जी म्हणजे उत्तर हॉलंड, एच म्हणजे दक्षिण. जर्मनीत आयए म्हणजे बर्लिन.

आणि चौकटीच्या कडा सोडू नका. अ‍ॅमस्टरडॅमला मेर्वेदेप्लाइनवर २२ जुलै १९४१ रोजी कुणीतरी एका नवरीची फिल्म काढली. त्यात वरच्या खिडकीतून वाकून बघणारी शेजारची मुलगी क्षणभर दिसते. अ‍ॅन फ्रँकचं तेवढंच हलतं चित्र जगात आहे. काढणाऱ्याचं लक्ष नवरीकडे होतं.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

हे काम मला सगळ्यांत जवळचं. लॅपटॉपवर फिल्म लावून ‘ही कोण?’ असं विचारलं की माणूस गांगरतो. चित्र पुढे निघून जातं, त्याला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. निवडक चौकटी मोठ्या कागदावर छापा, चकाकी नसलेल्या. आधी गल्लीची, मग अंगणाची, मग माणसांच्या घोळक्याची, चेहरे सगळ्यांत शेवटी. आणि पहिला प्रश्न नावाचा नको. सासूबाईंना मी विचारलं, ‘या अंगणात पाणी कुठून यायचं?’ त्यांनी हाताने कोपरा दाखवला, नळावरच्या भांडणाचं सांगितलं, भांडणाऱ्या बाईचं नाव आलं, तिच्या मुलीचं आलं. चेहरे दाखवले तेव्हा मात्र त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मी चालती फिल्म लावली, आणि मावशीला त्यांनी पाठमोरी असताना ओळखलं, पिशवी कोपरात अडकवून एक खांदा पाडून चालायच्या लकबीवरून. म्हणून कागद आणि फिल्म दोन्ही जवळ ठेवा. काही माणसं चेहऱ्याने आठवतात, काही चालण्याने.

नाव तुम्ही सुचवू नका. ‘ही रिवकामावशी असेल ना?’ म्हटलं की वय झालेलं माणूस प्रेमाने हो म्हणतं, आणि ती चूक कायमची नोंदली जाते. जमल्यास त्यांच्या लहानपणच्या भाषेत विचारणारं कुणी बरोबर घ्या. आमच्याकडे यिद्दिश बोलणारी नणंद होती. हिब्रूत न आलेली नावं यिद्दिशमध्ये आली. बोलणं रेकॉर्ड करा, बैठक छोटी ठेवा, शेजारी पाणी ठेवा. डोळे भरून आले तर कागद उलटा घाला आणि थांबा, पण ‘राहू दे, नको’ असं आपणहून म्हणू नका. सासूबाईंना पुढचं सांगायचं होतं. त्यांना इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कुणी सांगितलं, कधी, आणि किती खात्रीने. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा. नाव जितक्या लिप्यांत मिळेल तितक्यांत लिहा, बायकांचं माहेरचंही. मग याद वाशेम या जेरुसलेमच्या होलोकॉस्ट स्मारकाच्या नावांच्या सूचीत आणि नाझींच्या बळींची कागदपत्रं ठेवणाऱ्या जर्मनीतल्या आरोल्सेन संग्रहात शोधा. पुढे काय झालं हे कागद मिळाल्याशिवाय लिहू नका. ‘१९४२ मध्ये गेली असावी’ हा अंदाज दुसऱ्या कुणाच्या वंशावळीत सत्य म्हणून शिरतो. याद वाशेममध्ये त्या व्यक्तीच्या नावाचं साक्षीपत्र, म्हणजे मारल्या गेलेल्या माणसाची माहिती लिहून द्यायचा कागद, कुणी भरलेलं नसेल तर तुम्ही भरा, आणि फिल्ममधली चौकट त्याला जोडा. पुष्कळ पत्रांवर फोटोची जागा रिकामी आहे.

मूळ फीत कुठे द्यावी

घरात ठेवू नका, आणि भावंडांत वाटून तर अजिबात घेऊ नका. रिळातला क्रम हाही पुरावा असतो. मधले सांधेही उखडू नका. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाचं जतनकेंद्र मेरीलँडमधल्या बोवी इथे २०१७ पासून आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात स्पीलबर्ग ज्यू फिल्म संग्रह आहे. हॉलंडमधली फिल्म असेल तर अ‍ॅमस्टरडॅमचं आय हे चित्रपट संग्रहालय. देण्याआधी पत्राने विचारा, आणि पत्रात काढणाऱ्याचं नाव, त्याचं तुमच्याशी नातं, फिल्म तुमच्याकडे कशी आली, आणि स्कॅनची पूर्ण प्रत कुटुंबाला मिळावी ही अट स्पष्ट लिहा. फिल्म चोरबाजारातून आली असेल तर तसंच लिहा, दुकानाच्या गल्लीसकट. मालकाचा माग तिथूनच लागेल. धुतलेल्या फिल्मला विमानतळावरच्या एक्स-रेने काही होत नाही, तेव्हा हातातल्या सामानात न्यायला हरकत नाही. नायट्रेट मात्र कधीच नाही.

डब्यात नावांच्या यादीची छापील प्रत घाला. नंतर कुणी नवं नाव सांगितलं, किंवा जुन्या नावाला हरकत घेतली, तर तेही संग्रहालयाला कळवत राहा. नोंदणी क्रमांक लिहून पाठवलं की ते त्या फिल्मच्या नोंदीत जोडायला त्यांना सोपं जातं.